अंथरुणावरच्या वर्षांची तजवीज

आपल्याकडचा मध्यमवर्गीय गृहस्थ पैशाच्या बाबतीत अदूरदर्शी आहे, असा आरोप त्याच्यावर सहसा कोणी करणार नाही. मुलांच्या शिक्षणाची, लग्नकार्याची, घराच्या हप्त्यांची आणि स्वतःच्या मृत्यूनंतर मागे राहणाऱ्यांच्या निर्वाहाचीही बेगमी तो उमेदीच्या वर्षांतच करू लागतो, आणि एखादा विम्याचा हप्ता चुकला तर त्याला स्वस्थ झोप लागत नाही. परंतु चालतेफिरते दिवस संपल्यावर, मृत्यूच्या अलीकडे, चार, सहा, क्वचित दहाही वर्षे अंथरुणाला खिळून किंवा स्मृती हरवून काढावी लागण्याचा जो संभव असतो, त्या वर्षांचा खर्च कोणत्या खाती घालायचा, हा प्रश्न त्याच्या हिशेबाच्या वहीत कोठेच आढळत नाही. आणि जो प्रश्न वहीत नसतो तो पुढे एखाद्या इस्पितळाच्या जिन्यात, भावाबहिणींच्या दबक्या आवाजातील वादात, अकस्मात उपस्थित होतो.

हा खर्च औषधोपचाराचा नव्हे, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे, कारण सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया होते, आठ-दहा दिवसांत रुग्ण घरी येतो, आणि बिल कितीही मोठे असले तरी ते एकदाच येते. परंतु त्या हाडाच्या निमित्ताने अंथरूण धरलेली ऐंशी वर्षांची बाई पुन्हा उभी राहिलीच नाही, तर तिला कुशीवर वळवणे, अंग पुसणे, भरवणे, डायपर बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गादीवर निजवणे, रात्री दोनदा उठून पाहणे, अशी कामे सुरू होतात. त्यांत वैद्यकाचा भाग थोडा आणि मनुष्यबळाचा फार असतो, ती रोज करावी लागतात, आणि किती काळ करावी लागतील हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पक्षाघात आणि कंपवात यांच्या जोडीला आता स्मृतिभ्रंशही घरोघरी परिचयाचा झाला आहे. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना तो असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. या व्याधीत तर रुग्ण पुष्कळदा शरीराने धडधाकट असतो, आणि म्हणूनच त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी एक माणूस अहोरात्र गुंतून राहतो.

आरोग्यविमा उतरवलेला गृहस्थ येथे निश्चिंतपणे आपल्या पॉलिसीकडे बोट दाखवतो. त्याने ती पॉलिसी एकदा अखेरच्या पानापर्यंत वाचावी. विमा नियामक प्राधिकरणाने वगळायच्या बाबींची जी प्रमाणित भाषा सर्व कंपन्यांना घालून दिली आहे, तिच्यातील पाचव्या क्रमांकाच्या कलमाचा मथितार्थ असा की, स्नान घालणे, कपडे चढवणे, हिंडवणे-फिरवणे यांसारख्या नित्याच्या क्रियांसाठी दिलेली सेवा, मग ती घरी असो वा केंद्रात, आणि ती प्रशिक्षित परिचारिकेने दिलेली असो वा साध्या मदतनिसाने, विम्याच्या कक्षेत येत नाही. मरणासन्न रुग्णाच्या शारीरिक आणि मानसिक सांत्वनासाठी दिलेल्या सेवाही त्याच कलमाने बाहेर ठेवल्या आहेत. पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळण्याची वाट १ एप्रिल २०२४ पासून मोकळी झाली, ही गोष्ट चांगली झाली; तथापि वाट मोकळी झाली म्हणून ते कलम गळून पडले, असे नव्हे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘आयुष्मान भारत’चे कार्ड देऊ केले, त्यातील कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षणही इस्पितळात दाखल होण्याशी बांधलेले आहे. माणूस आजारी आहे तोवर त्याच्या पाठीशी कोणी ना कोणी उभे असते; तो केवळ परावलंबी उरला की सगळे मागे सरतात. ‘आणखी चार दिवस ॲडमिट ठेवा’ अशी गळ नातेवाईक डॉक्टरांना घालतात, तिचे कारण नेहमीच वैद्यकीय असते असे नाही.

मग वाटा उरतात त्या तीनच. घरी ब्युरोतून बाई आणणे ही पहिली. या बाईला सारे मावशी म्हणतात, पुरुष असेल तर मामा. तिची ड्यूटी बारा तासांची असते, म्हणून अहोरात्र सोबत हवी असेल तर दोन माणसे लागतात. तिच्या पगारातून ब्युरो आपले कमिशन घेतो, आणि तिच्या गावच्या जत्रेच्या आठवड्यात बदली बाई येईलच याची हमी कोणी देत नाही. दुसरी वाट वृद्धाश्रमाची. पण महाराष्ट्रातील अनेक जुन्या, सेवाभावी आणि वाजवी शुल्काच्या वृद्धाश्रमांची पहिलीच अट ‘स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे’ अशी असते, आणि प्रवेशावेळी ती पाळणारा आजोबा तीन वर्षांनी बाथरूममध्ये पडला की त्याला घेऊन जाण्याविषयीचा निरोप मुलाला येतो. यात त्या संस्थांचा दोष नाही. तितके मनुष्यबळ त्यांनी कधी ठेवलेलेच नसते. तिसरी वाट अलीकडे पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतून उघडलेल्या केअर सेंटरांची, जेथे बंगल्यांतून किंवा इमारतींच्या मजल्यांवरून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची अष्टौप्रहर सेवा होते आणि तिचा मासिक आकार घेतला जातो.

या मासिक आकाराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण पहिल्या भेटीत सांगितलेला आकडा आणि महिन्याअखेरीस हाती पडलेले बिल यांत अंतर पडते. डायपर, औषधे, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, नाकातील नळी किंवा कॅथेटर बदलण्याचा खर्च, इस्पितळात न्यावे लागले तर रुग्णवाहिका आणि सोबतचा माणूस, यांपैकी काय आकारात धरले आहे आणि काय वेगळे लागते; अनामत रक्कम परत मिळते की नाही, आणि मिळत असेल तर रुग्ण दगावल्यावर किती दिवसांत; रुग्णाची अवस्था बिघडली तर आकार कोणत्या हिशेबाने चढतो; रुग्ण पंधरा दिवस इस्पितळात असला तर खाटेचे पैसे भरावे लागतात काय, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. शोकाच्या किंवा धांदलीच्या क्षणी असे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे वाटते आणि म्हणून ते विचारले जात नाहीत. मला तर ते न विचारणेच अधिक गैर वाटते.

आता हिशेब मांडू. सगळे वरखर्च धरून महिन्याचे ४०,००० रुपये लागतात असे समजा. मोठ्या शहरांत ही रक्कम मुळीच भरमसाट म्हणता येणार नाही. दरसाल ८ टक्के वाढ धरली, तर सहा वर्षांत ३५ लाखांहून अधिक रुपये जातात. उलट बाजूला, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीस ठेवता येणारी कमाल रक्कम ३० लाख आहे; ८.२ टक्के दराने तिच्यावर तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये, आणि तेही करपात्र. अर्थात जन्मभराच्या नोकरीतून ज्याने तीस लाख शिल्लक टाकले, जे फारच थोड्यांना साधते, त्याच्याही व्याजातून पहिल्याच वर्षी निम्मा खर्च भागतो, आणि पुढे व्याज स्थिर राहते, खर्च चढत जातो. मुद्दलाला हात लावायचा नाही ही शिकवण आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांला दिली. ती ज्या काळी दिली गेली त्या काळी माणसे इतकी वर्षे अंथरुणावर जगत नसत.

निवृत्तिवेतनाचा आधार कोणाला किती, हे सर्वांस ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तांना ऐंशीव्या वर्षापासून मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला १०० टक्के जादा निवृत्तिवेतन मिळते. वाढत्या वयाबरोबर गरज वाढते हे तत्त्व सरकारी दप्तरात मान्य झाल्याचे हे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराच्या ‘पीएफ’च्या पेन्शनीची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. महाराष्ट्रातील श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला महिना १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला तहसील कचेरीत द्यावा लागतो. श्रावणाचे नाव घेऊन पंधराशे रुपयांत आईबापांची कावड उचलण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. आयकरातील सवलतींविषयी इतकेच, की वृद्धांच्या वैद्यकीय खर्चावरील, ठरावीक दुर्धर व्याधींच्या उपचारांवरील आणि अपंग अवलंबितांच्या पोषणावरील वजावटी जुन्या करपद्धतीतच मिळतात. नवी स्वीकारली की त्यांवर पाणी सोडावे लागते.

राहता राहिला कायदा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमाने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे न्यायाधिकरण सोपवले, आणि अपत्यहीन वृद्धाच्या बाबतीत ज्याला त्याची मिळकत मिळावयाची आहे त्या नातेवाइकावरही हा भार ठेवला. परंतु निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा याच कायद्याने महिना १०,००० रुपये करून ठेवली आहे. ती काढून टाकणारे दुरुस्ती-विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत संमत झाले नाही आणि व्यपगत झाले. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन वृद्धांसाठी एक आश्रम राज्यांनी काढावा, असेही अधिनियमात आहे. मात्र तेथे शब्दयोजना ‘काढता येईल’ अशी आहे. या कायद्याचे तेविसावे कलम मात्र प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मागता येते. २०२२ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट बक्षिसाशी जोडलेली दिसली पाहिजे असे म्हटले, आणि २०२५ च्या आरंभी दुसऱ्या एका प्रकरणात कायद्याच्या कल्याणकारी हेतूकडे पाहून वृद्ध आईच्या बाजूने कौल दिला. सारांश हा की, माया म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहावी. अट लिहिल्याने मुलगा दुखावतो असे म्हणणाऱ्यांनी तो न लिहिताही दुखावतो काय, हे पाहावे.

या साऱ्या जमाखर्चात एक रक्कम कोणीच धरत नाही. घरी सासूची शुश्रूषा करण्यासाठी जी सून नोकरी सोडते, किंवा आईसाठी जी अविवाहित मुलगी बढतीची बदली नाकारते, तिचा बुडालेला पगार आणि पुढे तिच्याच म्हातारपणी कमी पडणारा भविष्यनिर्वाह निधी, हाच वस्तुतः आज महाराष्ट्रातील दीर्घकालीन शुश्रूषेचा सर्वांत मोठा निधी आहे. त्याची वर्गणी एकाच व्यक्तीकडून वसूल होते आणि पावती कोणालाच मिळत नाही. ‘आम्ही आईला बाहेर ठेवणार नाही’ असे अभिमानाने सांगणारा मुलगा स्वतः रात्री किती वेळा उठतो, हे विचारण्याची सोय नसते.

ज्या देशांनी हा प्रश्न सार्वजनिक मानला, त्यांनी त्यासाठी निराळी वर्गणी उभी केली. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. जपानने एप्रिल २००० पासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडून हप्ता घेण्यास आरंभ केला, आणि तेथे परावलंबनाची श्रेणी ठरवून तीनुसार सेवा मिळते, तिच्या खर्चाचा साधारणपणे दहावा हिस्सा वृद्धाने सोसायचा असतो. अमेरिकेत मात्र आपल्यासारखीच फट आहे, आणि मुलांकडे कायमचे गेलेल्या मराठी आईबापांनी ती जाणून घ्यावी. तेथील ‘मेडिकेअर’ इस्पितळातील उपचारानंतर फार तर शंभर दिवस प्रशिक्षित शुश्रूषेचा भार उचलते, तोही वीस दिवसांनंतर अंशतः. पुढे रोकड संपवून, बहुतेक राज्यांत दोन हजार डॉलरांच्या आसपास शिल्लक उरल्यावर ‘मेडिकेड’ हात देते, आणि मागील पाच वर्षांत मुलांच्या नावे काय केले याची झडती घेतल्यावाचून देत नाही.

आपल्याकडे अशी वर्गणी निघेतोवर मध्यमवर्गीयाच्या हाती एकच मोठे साधन उरते, ते म्हणजे त्याचे राहते घर. सरकारलाही हे सुचले होते. २००७ च्या अर्थसंकल्पात उलट तारण-कर्जाची घोषणा झाली. साठीपुढच्या माणसाने स्वकष्टार्जित राहते घर बँकेकडे तारण ठेवावे, बँकेने त्याला दरमहा रक्कम द्यावी, परतफेड हयातीत मागू नये, आणि पतिपत्नींच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे किंवा बँकेने ते विकून उरलेली रक्कम वारसांना द्यावी, अशी ही योजना. ती रुजली नाही, याचे कारण आम्ही नेहमी घराविषयीच्या भावनेत शोधतो. पण नियमावलीत आणखीही अडचणी आहेत. वडिलोपार्जित घर चालत नाही. इमारतीचे उर्वरित आयुष्य किमान वीस वर्षे असावे लागते, म्हणजे जुन्या वसाहती बाद झाल्या. पागडीचा भाडेकरू तर मालकच नव्हे. आणि सर्वांत विलक्षण तरतूद ही, की कर्जदार शुश्रूषेसाठी कायमचा एखाद्या संस्थेत राहावयास गेला, अथवा सलग वर्षभर घरात राहिला नाही, तर कर्ज परतफेडीस पात्र होते. ज्या दिवशी पैशाची खरी निकड उत्पन्न होते, त्याच दिवशी योजना हात आखडते. घरी राहूनच शुश्रूषा घेणार असाल तर तिचा विचार करावा. केंद्रात जावे लागेल असे दिसत असेल तर करू नये.

त्यापेक्षा घर भाड्याने देऊन त्या भाड्यातून केंद्राचा आकार भागवणे हा मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो, आणि मुंबई-पुण्यात अनेक कुटुंबे तो चोखाळतात. भाडेकरू घर बळकावील ही धास्ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आमदानीतील आहे. १९९९ च्या कायद्यानंतर नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. एकट्या राहिलेल्या वृद्धाने मोठे घर विकून लहान घेण्यातही काही अप्रतिष्ठा नाही. ‘घर मुलांसाठी राहू दे’ म्हणून स्वतः हालात राहणाऱ्या पित्याची मुले शेवटी तेच घर विकून त्याची देणी भागवतात. फरक इतकाच, की तेव्हा ते घाईने आणि पडत्या भावाने विकले जाते.

परंतु घर भाड्याने द्यायचे, ठेव मोडायची, की आणखी काही, हे ठरवणारी आणि कागदावर सही करणारी व्यक्ती शुद्धीवर असावी लागते, आणि हाच या विषयातील सर्वांत उपेक्षित भाग आहे. मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले की काळजी मिटली असे आम्ही समजतो. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची विचारशक्ती गेली की ते संपुष्टात येते, म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते केले त्याच प्रसंगी निरुपयोगी ठरते. अशा वृद्धाच्या ठेवींना हात लावण्यासाठी पालक म्हणून नेमणूक मिळवायला मुलांना उच्च न्यायालयात अर्ज करावा लागल्याची उदाहरणे आहेत. कोमातील रुग्णांसाठी केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शक सूत्रेही घालून दिली. कंपवाताने सही बदलली तर निदान बँकेत अंगठा चालतो, त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा माणूस असावा लागतो. पण अंगठा उठवणाऱ्याला आपण कशासाठी उठवतो आहोत हे कळले पाहिजे. खाते आणि ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीने विश्वासू व्यक्तीबरोबर संयुक्त करणे, नामनिर्देशन पुरे करणे, मृत्युपत्र साक्षीदारांसमक्ष करून ठेवणे, आणि आपली शुश्रूषा कोठे व्हावी, तिचे पैसे कोणत्या ठेवीतून द्यावेत हे मुलांना लेखी सांगणे, ही कामे फार तर चार-दोन दिवसांची आहेत. वाचकहो, तुमच्या आईवडिलांचे बँकखाते अजून एकाच्याच नावावर असेल, तर या महिन्यात त्यांना बँकेत घेऊन जा. त्या अर्जावर सही लागते ती खातेदाराचीच.